आधी सात माणसं नेमा

क्यूमेल हा मेल सर्व्हर (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) सोर्सवरून, म्हणजे त्याच्या मूळ लिहिलेल्या कोडवरून, बांधायला घेतला की त्या कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या कंपायलरचं नाव काढायच्या आधी एक काम उरकावं लागतं. मशीनवर सात वापरकर्ते तयार करायचे: अलायस, क्यूमेलडी, क्यूमेलएल, क्यूमेलपी, क्यूमेलक्यू, क्यूमेलआर, क्यूमेलएस. शिवाय दोन गट, क्यूमेल आणि नोफाइल्स. या सातांपैकी कुणीही कधी लॉगिन करणार नाही, कुणाला पासवर्ड नाही. पण ते नसले तर बांधकाम मध्येच अडतं, कारण त्यांचे क्रमांक थेट प्रोग्रामच्या पोटात कोरले जातात. एका मशीनवर बांधलेली बायनरी, म्हणजे तयार चालणारी फाइल, उचलून दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे हे क्रमांक वेगळे निघाले, तर खेळ खलास.

2003 च्या आसपास पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळत होतो. म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, यूपीएस, टेलिफोनचा एक्स्चेंज, सगळंच. मी दुपारभर पडद्यावरून पळणाऱ्या ओळी बघत बसलेला पाहून आमच्या सरांनी विचारलं, "अहो, सीडीवर तयार मेल सर्व्हर आहे म्हणता, मग हा बांधत काय बसलाय?" प्रश्न रास्त होता. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीड्या यायच्या आणि त्यांत सेंडमेल आयता असायचा. मी सुरक्षितता-बिरक्षितता असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्यातलं रोखठोक उत्तर एवढंच होतं की क्यूमेल आयता मिळतच नसे. त्याचा कर्ता डॅनियल बर्नस्टाइन, गणिताचा माणूस, पुढे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक. त्याची अट अशी, की मूळ सोर्स आहे तसा खुशाल वाटा, पण बदल करून वाटू नका. आणि तयार बायनरी वाटायचीच असेल तर ती माझ्या सोर्सवरून बांधल्यासारखी तंतोतंत वागली पाहिजे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांना हे गैरसोयीचं होतं, त्यांनी क्यूमेलला दाराबाहेरच ठेवलं. साहजिकच ज्याला हवा त्याने तो घरी बांधायचा. 1.03 ही आवृत्ती जून 1998 मध्ये आली आणि त्यानंतर बर्नस्टाइनने पुढची आवृत्ती काढलीच नाही. सगळा सोर्स दाबून भरलेला साधारण 220 केबी. एका फ्लॉपीवर मावून वर भरपूर जागा उरते.

सरांना जे सांगता आलं नाही ते वेगळं होतं. सोर्सवरून बांधायला बसलं की त्या प्रोग्रामचा कर्ता आपल्याला प्रश्न विचारू लागतो, आणि त्याच्या प्रश्नांवरून तो माणूस कळतो. कशाची भीती वाटते त्याला, कुणावर विश्वास नाही, कुठलं ठरवणं तो स्वतःकडे ठेवतो आणि कुठलं आपल्या गळ्यात घालतो. आयतं पॅकेज बसवताना हे प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी परस्पर सोडवलेले असतात.

क्यूमेलचे प्रश्न कॉन्फ या नावाने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइलींत असतात. प्रत्येक फाइलीची पहिली ओळ म्हणजे उत्तर, खाली दोन-चार ओळींत त्याचा खुलासा. कॉन्फ-सीसीमध्ये कंपायलर कोणता ते. कॉन्फ-क्यूमेलमध्ये सगळं कुठे ठेवायचं ते, म्हणजे /व्हार/क्यूमेल. कॉन्फ-स्प्लिटमध्ये 23, म्हणजे रांगेतले मेल किती उपफोल्डरांत वाटून ठेवायचे तो आकडा. मला सगळ्यात आवडते ती कॉन्फ-स्पॉन. तिच्यात 120 लिहिलेलं असतं, एका वेळी जास्तीत जास्त किती मेल पोचवायच्या कामाला लागायचं त्याची कमाल मर्यादा. खाली खुलासा असा, की 255 च्या वर जाता येणार नाही, काही यंत्रणांवर 125 च्याही वर नाही. आणि आकडा फार मोठा असेल तर क्यूमेल कंपाइल व्हायलाच नकार देईल. चालू झाल्यावर कोसळणार नाही, मुळात जन्मच घेणार नाही. चुकीचा आकडा रात्री दोन वाजता ग्राहकासमोर उघडा पडण्यापेक्षा बांधतानाच पकडलेला बरा, हा विचार तेव्हा फारसा कुणी करत नसे.

यंत्रणेची चाचपणी करायची पद्धतही तशीच. आज पुष्कळदा सोर्स घेतला की कॉन्फिगर नावाची हजारो ओळींची स्क्रिप्ट धावते आणि "चेकिंग फॉर" करत पडदा भरून टाकते. बर्नस्टाइनकडे ती भानगड नाही. मेकफाइल, म्हणजे बांधकामाच्या सूचनांची फाइल, एक छोटासा प्रोग्राम कंपाइल करून बघते, ट्रायव्हीफोर्क.सी. झाला तर फोर्क.एच2 ही फाइल फोर्क.एच म्हणून वापरायची, नाही झाला तर फोर्क.एच1. एवढंच. यंत्रणेचं नाव काय, आवृत्ती कुठली, याच्याशी घेणंदेणं नाही. जमतंय का ते करून दाखवा. सोर्स वाचण्याची सवय मला लागली ती ही मेकफाइल वाचता वाचता.

आता त्या सात जणांकडे. इथलं सगळं काम परस्पर अविश्वासावर चालतं. जुन्या जिल्हा बँकेत पैसे काढायला गेलं की एक कारकून स्लिप घेऊन पितळी टोकन द्यायचा, दुसरा लेजर बघून सही करायचा, आणि पैसे मोजायचा तिसराच, जाळीच्या मागे बसलेला. एकाने गडबड केली तरी तिजोरी त्याच्या हाती लागत नसे. क्यूमेलमध्ये बाहेरच्या जगाशी एसएमटीपीत, म्हणजे मेल सर्व्हरांच्या आपसातल्या भाषेत, बोलणारा प्रोग्राम क्यूमेलडीच्या नावाने चालतो, त्याला रांगेतल्या फाइलींना हात लावता येत नाही. मेल रांगेत घालणारा क्यूमेलक्यूच्या नावाने. बाहेर पाठवणारा क्यूमेलआरच्या. लॉग लिहिणारा क्यूमेलएल, आणि त्याला दुसरं काहीच करता येत नाही. सर्वाधिकारी रूट म्हणून चालणारे प्रोग्राम दोनच, क्यूमेल-स्टार्ट आणि क्यूमेल-एलस्पॉन. नोफाइल्स गट तर नावाप्रमाणेच. या गटाच्या मालकीची डिस्कवर एकही फाइल असू नये.

हा अविश्वास सगळ्यात सुंदर दिसतो तो रांगेत. आलेला मेल आधी पिड नावाच्या फोल्डरात एका फाइलीत उतरतो. मग त्या फाइलीचा डिस्कवरचा आयनोड क्रमांक तेच त्याचं नाव ठरतं, आणि फाइल मेस फोल्डरात सरकते. क्रमांक डिस्कनेच दिलेला असल्यामुळे दोन मेलना एकच नाव पडायची सोय नाही, आणि नाव वाटायला वेगळा कुणी बसवावा लागत नाही. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्यांचा पत्ता इंटडीमध्ये लिहिला जातो. सगळं डिस्कवर पक्कं उतरलं की त्या फाइलीची एक लिंक टुडूमध्ये तयार होते. ती लिंक म्हणजे मेल रांगेत आला. त्यानंतरच पलीकडच्या सर्व्हरला "250 ओके" जातं, म्हणजे मेल ताब्यात घेतल्याची पोच.

वीज मध्येच गेली तर? हा प्रश्न आम्हाला पुस्तकी नव्हता. लोडशेडिंगचे दिवस होते, यूपीएस कोकलायला लागला की त्याची बॅटरी किती टिकेल हे नशिबावर. टुडूतली लिंक व्हायच्या आधी अंधार झाला, तर समोरच्याला 250 मिळालेलं नाही, त्याच्याकडे मेल तसाच आहे, तो पुन्हा पाठवेल. लिंक झाल्यावर अंधार झाला, तर मेल आपल्या डिस्कवर आहे. वाईटात वाईट म्हणजे मेल दोनदा येईल, पण हरवणार नाही. (लिनक्सच्या एक्स्ट2 फाइल सिस्टिमवर लिंक त्याच क्षणी डिस्कवर उतरेल याची खात्री नसे, म्हणून जाणते लोक रांगेचं पार्टिशन सिंक पर्याय घालून माउंट करत. वेग जायचा, झोप लागायची.)

अर्धवट राहिलेल्या फाइलींचं काय, याचं उत्तर सोर्ससोबतच्या इंटर्नल्स नावाच्या फाइलीत आहे. मेल रांगेत घालणारा प्रोग्राम 24 तासांत काम संपलं नाही तर स्वतःलाच संपवतो. आणि सफाई करणारा 36 तासांहून जुना अर्धवट तुकडा दिसला तरच तो उचलतो. मधल्या 12 तासांच्या फरकामुळे आपण उचलतोय त्या फाइलीवर कुणी अजून लिहीत तर नसेल, ही शंकाच उरत नाही. दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, कुलूप-किल्ली नाही, फक्त घड्याळाचा करार. मी पुढे बरंच सॉफ्टवेअर पाहिलं, पण इतका शांत डोक्याने केलेला बंदोबस्त क्वचितच दिसला.

सेंडमेल, एक्झिम आणि पोस्टफिक्स या बाकीच्या तीन मेल सर्व्हरांकडेही बघायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे एकाच देवाची आरती होईल.

सेंडमेलचा एरिक ऑलमन बर्कलीचा. त्याने 1980 च्या आगेमागे हे सुरू केलं तेव्हा इंटरनेट आजच्यासारखं एकजिनसी नव्हतं. अर्पानेटचे पत्ते वेगळे, यूयूसीपीचे उद्गारचिन्हांनी जोडलेले, विद्यापीठाच्या आतलं जाळं तिसरंच. सगळ्यांचं सगळ्यांशी जुळवायचं म्हणून पत्ते फिरवून लिहायचे नियम आले, आणि सेंडमेल.सीएफ ही फाइल अशी झाली की तिच्याकडे बघून कुणाला वाटावं, मांजर कीबोर्डवरून चालत गेलं. लोक तिची टिंगल करतात. ज्यांना तेव्हाचे पत्ते माहीत नाहीत त्यांनी केलेली ती टिंगल आहे. बांधायला मात्र सोपा. "एसएच बिल्ड" म्हटलं की तो यंत्रणा ओळखून तिच्या नावाचं फोल्डर करतो आणि कामाला लागतो. खरी परीक्षा नंतर, ती सीएफ फाइल घडवणाऱ्या एम4 च्या मॅक्रोंमध्ये.

केंब्रिज विद्यापीठाच्या फिलिप हेझलने 1995 मध्ये एक्झिम लिहायला घेतला. त्याची रीत शिक्षकाची. एसआरसी/एडिटमी ही लांबलचक फाइल उचलायची, लोकल/मेकफाइल म्हणून ठेवायची, आणि वाचत वाचत भरायची. प्रत्येक पर्यायावर टीप: हे काय आहे, का आहे, नसलं तर काय होईल. तीन गोष्टी भरल्याशिवाय गत्यंतर नाही: बायनरी कुठे, कॉन्फिगरेशनची फाइल कुठे, आणि एक्झिम कुणाच्या नावाने चालणार. शेवटचं रिकामं ठेवलं तर बांधकाम थांबतं आणि सांगतं, एक्झिम_यूझर ठरवलेला नाही, कृपया पुन्हा बघा. सर्व्हर कोण म्हणून चालणार हे त्याने आपल्या वतीने गृहीत धरलेलं नाही, हे मला फार आवडतं.

वीत्से वेनेमाचा पोस्टफिक्स 1998 च्या डिसेंबरात आला, आयबीएमच्या संशोधन केंद्रातून. तो सगळ्यात सभ्य. "मेक मेकफाइल्स", "मेक", आणि बहुतेक ठिकाणी झालंच. डीबी.एच ही डेटाबेसची हेडर फाइल सापडली नाही तर नुसतं ओरडत नाही, अमुक डेव्हल पॅकेज आधी बसवा असंही सांगतो. बसवताना एकेक प्रश्न विचारतो आणि कंसात स्वतःचं उत्तर ठेवतो, आपण एंटर दाबत जायचं. पण पोस्टड्रॉप या गटाचा विषय आला की सभ्यपणा संपतो: हा गट हवाच, आणि तो दुसऱ्या कुणाशी वाटून घेतलेला चालणार नाही. सुरक्षिततेत मुरलेले लोक कुठे हटून बसतात ते असं कळतं.

बांधतानाचा निर्णय किती महागात पडू शकतो याचा दाखला 2 नोव्हेंबर 1988 चा आहे. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याचा वर्म, म्हणजे मशीनवरून मशीनवर आपोआप पसरणारा प्रोग्राम, त्या रात्री इंटरनेटभर पसरला. त्याच्या वाटांपैकी एक होती सेंडमेलमधली डीबग, म्हणजे चुका शोधायची, सोय. तिच्यामुळे मेल घेणाऱ्याच्या जागी थेट कमांड देता येत असे. ही सोय कंपाइल करतानाच आत घालायची किंवा वगळायची होती. लिहिणाऱ्याला चाचणीसाठी ती हवी होती, आणि कित्येक ठिकाणी पोचलेल्या तयार बायनरीत ती तशीच राहून गेली होती. ज्यांनी स्वतः बांधताना ती वगळली, त्यांच्याकडे वर्मला ही वाट बंद होती. आणि 2001 मध्ये सेंडमेल 8.12 आला तेव्हा त्यानेही बसवण्यापूर्वी एसएमएमएसपी नावाचा वापरकर्ता आणि गट मागायला सुरुवात केली. माणसं नेमायची पद्धत अशी सगळीकडे रुजली.

क्यूमेलकडे परत यायचं तर पॅचेसबद्दल, म्हणजे मूळ सोर्सवर चढवायच्या बदलांच्या फाइलींबद्दल, बोलायला हवं, आणि इथे माझी आरती थांबते. मूळ 1.03 मध्ये एसएमटीपीला पासवर्ड विचारायची सोय नाही, एन्क्रिप्शन नाही. जग पुढे गेलं, कर्ता थांबला, आणि बदललेला सोर्स वाटायला बंदी. मग प्रत्येकाने आपापला बदल पॅच म्हणून ठेवला. पासवर्डचा एक, टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, एक, व्हायरस तपासणी मध्ये घालायचा एक. गंमत अशी की सगळ्यांना बदलायची असते एकच फाइल, क्यूमेल-एसएमटीपीडी.सी. पहिला पॅच सुखाने बसतो. दुसऱ्यावर "हंक 3 फेल्ड" (तिसरा तुकडा बसला नाही) असं येतं आणि शेजारी .रेज नावाची फाइल पडते. ती उघडून कुठली ओळ कुठे जायला हवी होती ते डोळ्यांनी शोधायचं. यातून सी भाषा येते हे खरं. पण अशा जुळवणीनंतर त्या मूळ सुरक्षिततेच्या हमीला काय अर्थ उरतो, हा प्रश्न क्यूमेलवाल्यांनी, माझ्यासकट, फारसा मोठ्याने विचारला नाही.

त्यातच एर्नोचा घोळ. बर्नस्टाइनच्या एरर.एचमध्ये एक ओळ होती, "एक्स्टर्न इंट एर्नो". म्हणजे चूक क्रमांक हा एक साधा सार्वत्रिक आकडा आहे असं गृहीत. 2003 च्या सुमाराला ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्राममधल्या समांतर धाग्याचा) एर्नो वेगळा झाला, आणि जोडणीच्या वेळी टीएलएसची व्याख्या जुळत नाही अशी तक्रार करून सगळं थांबू लागलं. (हे टीएलएस म्हणजे थ्रेडची खासगी साठवण, एन्क्रिप्शन नव्हे, नवशिक्यांची हमखास फसगत.) उपाय एका ओळीचा: ती ओळ काढायची आणि एर्नो.एच इन्क्लूड करायची. त्यात चूक कुणाची यावर लोक हिरिरीने भांडत. सी भाषेचं मानक हेडरच घ्या म्हणतं, त्यामुळे मला तरी यात बर्नस्टाइनची बाजू घेता येत नाही.

हट्टी माणूस खराच. क्रिप्टोग्राफीचा सोर्स प्रसिद्ध करायला सरकारी परवाना का लागावा, म्हणून त्याने बर्कलीत विद्यार्थी असताना 1995 मध्ये अमेरिकी सरकारला कोर्टात खेचलं होतं. 1999 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाच्या न्यायपीठाने सोर्स कोड ही अभिव्यक्ती असल्याचं मान्य केलं. त्याच हट्टाने त्याने 1997 मध्ये क्यूमेलवर पैज लावली होती: सुरक्षेतलं भगदाड दाखवा, 500 डॉलर घेऊन जा. 2005 मध्ये जॉर्जी गुनिन्स्की या संशोधकाने 64 बिटच्या मशीनवर आकडा ओसंडून वाहतो हे दाखवलं. बर्नस्टाइनचं म्हणणं, एका प्रक्रियेला कित्येक गिगाबाइट मेमरी देतं कोण? पैसे दिले नाहीत. 2007 च्या नोव्हेंबरात त्याने सगळे हक्क सोडून क्यूमेल सार्वजनिक करून टाकला, आणि आता क्यूमेल पॅकेजात यायला मोकळा झाला. पुढे 2020 मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी तीच 2005 ची चूक वापरून दूरवरून कोड चालवून दाखवला. दारावरच्या क्यूमेल-एसएमटीपीडीला सॉफ्टलिमिट या छोट्या प्रोग्रामने मेमरीची मर्यादा घालायची प्रथा होती. आत मेल पोचवणाऱ्या क्यूमेल-लोकलला ती कुणी घालत नव्हतं. भगदाड तिथे निघालं.

म्हणून आज मला कुणी कामाच्या सर्व्हरबद्दल विचारलं तर मी सरळ पॅकेज बसवा म्हणतो. एक्झिममध्ये 2019 ला मोठं भोक सापडलं तेव्हा पॅकेजवाल्यांना एक कमांड पुरली. हाताने बांधणाऱ्यांनी आपली जुनी लोकल/मेकफाइल शोधत बसायचं. शिवाय सर्व्हर बांधणं हा आता मेलमधला सोपा भाग राहिलाय. 25 नंबरचा पोर्ट अनेक क्लाउड कंपन्या मुळात बंद ठेवतात, आणि तो मिळाला तरी एसपीएफ, डीकिम (पाठवणारा खरा आहे हे पटवायच्या सोयी) नसेल तर मोठे मेलवाले पत्र आत घेत नाहीत. कामाच्या ठिकाणी माझ्याकडे पोस्टफिक्स आहे, पॅकेजातलाच. त्याची मला लाज नाही.

पण नव्याने कामाला लागलेल्यांना मी एकदा तरी बांधायला लावतो, व्हर्च्युअल मशीनवर, इंटरनेटपासून तोडून. सध्या एक मुलगी करतेय. तिला पर्याय दिला होता, तिने क्यूमेलच निवडला. पहिल्याच "मेक सेटअप चेक"ला जीसीसी 14 या नव्या कंपायलरने तिला घाम फोडला, कारण आधी न सांगता वापरलेलं फंक्शन आता नुसती सूचना देऊन भागवत नाहीत, चूकच धरतात. आणि 1998 च्या या सोर्समध्ये ते पावलोपावली आहे. ती एकेका फाइलीत हेडर घालत बसली होती. कॉन्फ-सीसीची पहिली ओळ बघ म्हटलं, तेव्हा तिथे तिने "-एसटीडी=जीएनयू89" जोडलं आणि बराचसा गोंगाट मिटला. एर्नो तिने न सांगता दुरुस्त केला. लॉगमध्ये "न्यू मेसेज", "स्टार्टिंग डिलिव्हरी 1", "सक्सेस", "एंड मेसेज" असं ओळीने आलं तेव्हा तिने ते मला फोटो काढून पाठवलं.

काल तिने क्वालिसचा तो अहवाल वाचला आणि विचारलं, "सर, क्यूमेल-लोकलला मर्यादा घालायची कुठे? त्याला तर आपण चालूच करत नाही." चालू करतो तो क्यूमेल-एलस्पॉन, आणि त्याला क्यूमेल-स्टार्ट. म्हणून सॉफ्टलिमिट सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये क्यूमेल-स्टार्टच्या आधी लाव, खालच्या सगळ्यांना ती वारशाने मिळते, असं मी तिला लिहिलं. फक्त फार आवळू नकोस, कारण डॉट-क्यूमेलमधून, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या फाइलींतून, जे जे चालतं तेही त्याच मर्यादेत येतं.